साक्षीला सासूबाई

सुधाबाईंनी अनारसे आणले ते बिनखसखशीचे. सुनेने, सुखदाने, रियाधहून फोनवर पंधरा वेळा बजावलं होतं, "आई, काहीही आणा, पण खसखस नको. इथे थेट तुरुंगात टाकतात." तेव्हा साताऱ्याच्या या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच अनारसे नुसत्या साखरेवर थापले, भुंडे दिसतात म्हणून हळहळल्या आणि तसेच डब्यात भरले. खसखशीचा एक दाणा सौदीत आला नाही. आली ती भांग.

तीही काही चोरून नाही. राजरोस, औषधांच्या पिशवीत, वैद्यांच्या चिठ्ठीसकट आणि बिलासकट. विमानतळावर कुणी ती पिशवी उघडली नाही, हे या कुटुंबाचं नशीब.

रियाधच्या अल मलाझ वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये तेव्हा सासू-सुनाच होत्या. सुखदाचा नवरा उन्मेष दूर अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर, तो गुरुवारी संध्याकाळी यायचा. मुलगी रुचिरा शाळेत गेलेली. सुखदा स्वतः एका इस्पितळात फार्मासिस्ट. चौदा वर्षं झाली, तिथल्या कुलूपबंद औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडेच असायची. त्या दिवशी तिला सुट्टी होती. दुपारी सासूबाईंची औषधं सकाळ-संध्याकाळ अशी लावून ठेवावीत म्हणून ती बसली आणि सवयीने प्रत्येक बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत गेली. तपकिरी बाटलीवर लिहिलं होतं, 'विजया तेल'. खाली भांगेचं शास्त्रीय नाव. त्याखाली परवाना क्रमांक.

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. आपल्याकडे वैद्यांनी लिहून दिली, परवानाधारक दुकानातून घेतली, की भांगेच्या पानांचं औषध चालतं. इथे नाही. इथे चिठ्ठी दाखवा, बिल दाखवा, नाहीतर वैद्यांनाच उभं करा, भांग म्हणजे भांग. सासूबाई तुरुंगात, नवरा-बायकोच्या नोकऱ्या गेल्या, इथे राहायचा परवाना, तो इकामा गेला, मुलीची दहावी गेली, खलास. आणि कपाटाची किल्ली जिच्याकडे, तिच्याच घरात हे सापडलं असतं!

ओतून टाकायचं, यात प्रश्नच नव्हता. सुधाबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. बाटली फुटली म्हणून सांगावं, असं सुखदाने ठरवलंसुद्धा. मोरीशी गेली, झाकण काढलं, आणि हात तिथेच थांबला.

इस्पितळाची सवय, दुसरं काय! तिथे कपाटातल्या इंजेक्शनचा अर्धा थेंब उरला तरी तो एकट्याने टाकता येत नाही. टाकणाऱ्यासमोर दुसरं माणूस उभं लागतं आणि वहीत दोघांच्या सह्या होतात. चौदा वर्षांत तिने एकटीने काही ओतलं नव्हतं. आणि आज ओतायला निघाली होती ती एका म्हाताऱ्या बाईची झोप, तिच्या पाठीमागे. सुखदाला स्वतःचीच लाज वाटली.

कारण रोज रात्रीच्या त्या चार थेंबांची किंमत तिला ठाऊक होती. मागच्या दिवाळीत सुधाबाईंना नागीण झाली होती, पाठीवरून डाव्या छातीपर्यंत. फोड बरे झाले, आग मात्र तिथेच मुक्कामाला राहिली. लुगड्याचा पदर लागला तरी जीव जायचा. साताऱ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी काही झालं नाही. मग वैद्यांकडे गेल्या, आणि हे तेल घेऊ लागल्यापासून त्या रात्री झोपायला आणि दिवसा पदर घ्यायला लागल्या होत्या.

सुखदाने त्यांना उठवलं आणि सगळं सरळ सांगितलं.

"अगं, पण बिल आहे की!" सुधाबाई म्हणाल्या. "सरकारमान्य आहे. मी काय गुत्त्यावरून आणलंय?"

"आई, ते सरकार तिकडचं. इकडच्याला ते चालत नाही."

"म्हणजे दुखणं काय सीमा बघून थांबतं होय गं?" त्या चिडल्या. "तू औषधांतली एवढी शिकलेली, आणि माझं औषध मोरीत घालतेस? मग मी घेऊ काय?"

 सुखदाचे डोळे भरून आले. भिंतीवर नातीचा शाळेतला फोटो होता, त्याच्याकडे सुधाबाईंनी पाहिलं. मग उठल्या, बाटली सुनेच्या हातातून घेतली आणि मोरीत पालथी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून राहिल्या.

"आता पाणी सोड," म्हणाल्या. "आणि उद्या मला डॉक्टरकडे ने."

रात्र त्यांनी उन्मेषच्या जुन्या मऊ शर्टात येरझाऱ्या घालत काढली. सकाळी गाडीत सुखदाने त्यांना शंभरदा सांगितलं, की काल ओतलं त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काढला, तर माझं काय होईल सांगता येत नाही. सुधाबाईंच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही. पण सुनेचा चेहरा पाहून त्यांनी मान डोलावली.

सुखदाच्याच इस्पितळातले डॉक्टर हारून मूळचे श्रीवर्धनचे. मराठी ऐकून ते खूश झाले, मावशी-मावशी करत त्यांनी हलक्या हाताने तपासलं. मग विचारलं, "आजवर काय काय घेतलंत?"

"काही नाही," सुधाबाई म्हणाल्या.

"एकही गोळी नाही?"

"काहीच नाही." सांगितल्यापेक्षा चार पावलं पुढेच गेल्या त्या! साताऱ्याच्या गोळ्यासुद्धा त्यांनी गिळून टाकल्या.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "मग साध्या गोळीपासूनच सुरुवात करू. पंधरा दिवस बघू. ती लागू नाही पडली तर कुलपातलं औषध. आमचा नियमच तसा आहे."

पंधरा दिवस! सुधाबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. पण बोलल्या नाहीत. ते न बोलणं सुखदाला सहन होईना.

"डॉक्टर, साताऱ्याच्या गोळ्या झाल्यात. सगळ्या. उपयोग नाही झाला."

"मग इतके महिने या झोपल्या कशावर?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सुखदा मॅडम, कुलपातल्या औषधानं गुंगी येते. अंगात त्याच जातीचं दुसरं काही असेल तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. खरं सांगा."

नोकरी एका बाजूला आणि या म्हाताऱ्या बाईचा श्वास दुसऱ्या बाजूला. फार्मासिस्टला यात विचार करायला वेळ लागू नये. तरी सुखदाला क्षणभर लागला, ते खोटं कशाला सांगा. मग ती म्हणाली, "विजया. वैद्यांच्या चिठ्ठीवर. शेवटचे थेंब परवा रात्री."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

"आता कुठे आहे ते?"

"मोरीत," सुधाबाई ठणकावून म्हणाल्या. "मी आणलं, मी ओतलं. माझ्या हातानं. हिला काही माहीत नव्हतं. ही नुसती साक्षीला होती."

"साक्षीला," डॉक्टर म्हणाले. टाकलेल्या औषधांच्या वहीत सुखदाच्या सहीखाली त्यांनी किती वेळा सही केली होती! ते तिच्याकडे पाहून हळूच हसले. "मावशी, पुढच्या वेळी औषध आणायच्या आधी सुनेला विचारा."

"हिनं खसखशीचं सांगितलं होतं हो. याचं नाही सांगितलं."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, मायदेशी वैद्यांचं औषध घेत होत्या, आता बंद. खाली, रोज रात्री एक कॅप्सूल, कुलपातली.

नियमाप्रमाणे घरच्या माणसाला सुखदा स्वतः औषध देऊ शकत नव्हती. ती सासूबाईंना घेऊन औषधांच्या खिडकीबाहेरच्या रांगेत उभी राहिली, आयुष्यात पहिल्यांदा. काचेआड तिच्या जागेवर तिची मदतनीस अदिबा बसली होती. काचेतलं भोक इतकं खाली होतं, की बोलायला वाकावं लागत होतं. डावी कूस धरून सुधाबाई वाकल्या. चौदा वर्षं आतून बोलताना सुखदाला कधी कळलं नव्हतं, की समोरचा माणूस वाकून उभा आहे.

"शिक्का नाही," अदिबा वर न बघता म्हणाली. "वरच्या ऑफिसात जाऊन शिक्का घेऊन या. पुढे कोण?"

शब्द सुखदाचेच होते. तिनेच शिकवले होते. मग अदिबाची नजर वर गेली आणि तिचा चेहराच उतरला. "मॅडम! तुम्ही बसा ना, शिक्का मी नंतर घेते."

"नको," सुखदा म्हणाली. "नियम आहे. पण त्यांना खुर्ची दे आधी."

ती जिन्याकडे वळली. रांगेच्या शेवटी एक म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातातही तसाच कागद होता, त्यावरही शिक्का नव्हता. असे किती कागद तिने आजवर वर पाठवले असतील! पण त्या कागदांबरोबर कुणाकुणाचे पाय जिना चढून गेले, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

तिने हात पुढे केला. "चाचा, कागद द्या. मी वरच चालले आहे."

म्हातारा कागद सोडेना. असा कागद कुणाच्याही हातात द्यायचा नसतो, हेही त्याला याच खिडकीने शिकवलं होतं.

"दे दो भाईसाब," खुर्चीतून सुधाबाई त्यांच्या हिंदीत म्हणाल्या. "बहू मेरी है. मैं यहाँ साक्षी को बैठी हूँ."