विजेला साकव, पाण्याला उघाडी

गोटीराम मढवीच्या घराण्यात चार पिढ्या उघाडी राखायचं काम चालत आलं होतं, आणि पाचव्या पिढीच्या वाट्याला राखायला उघाडीच उरली नाही. घणसोलीच्या खाडीला लागून खारजमिनीचा बांध होता आणि त्या बांधाच्या तोंडाशी एक जाडजूड सागवानी दार वरून टांगलेलं असे. तीच उघाडी. ओहोटी लागली की शेतातलं पाणी दार ढकलून खाडीत जाई. भरती आली की खाडीचंच पाणी दाराला बाहेरून रेटून बंद करी, आणि खारं पाणी भातात शिरत नसे. कुणी हात लावायचा नाही की हुकूम सोडायचा नाही. राखणदाराने एवढंच बघायचं की दाराखाली काटकी अडकलेली नाही. पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, भराव पडला, आणि गोटीरामचा बाप देवजी सत्तराव्या वर्षी बेकार झाला. सत्तरीत माणूस निवृत्त होतो, बेकार कसला, असं शहाणे म्हणतील. पण शहाण्यांनी कधी उघाडी राखलेली नसते. देवजी रोज सकाळी बांधाच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर जाऊन बसायचा आणि जेवायच्या वेळेला परत यायचा.

गोटीराम मात्र ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला होता. टाकीत काठी बुडवून पातळी बघायची आणि त्याप्रमाणे व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं, हे काम त्याने दहा वर्षं केलं. मग चौऱ्याऐंशी साली कंपनीने शेजारच्या प्लॉटवर नवा प्लांट बांधायला घेतला. त्यात काठीही नव्हती आणि चाकही नव्हतं. कपाटाएवढं एक पॅनेल येणार होतं, आणि काठी बुडवायचं, चाक फिरवायचं सगळं काम तेच करणार होतं. जुना प्लांट मार्चअखेर बंद. नोटीस लागली की इन्स्ट्रुमेंट विभागात पाच जणांना सहा महिने ट्रेनिंग मिळेल, शेवटी परीक्षा होईल आणि त्यातले तिघे नव्या प्लांटमध्ये टेक्निशियन म्हणून घेतले जातील. बाकीच्या हेल्परांचं काय, ते नोटिशीत नव्हतं. नोटिशीत नेमकं हवं ते कधीच नसतं.

अट होती मॅट्रिकची. गोटीरामने जुनी अकरावी दुसऱ्या खेपेला काढली होती आणि त्याचा दाखला ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली पडला होता. बायकोने, यशोदेने, तो काढून झटकला आणि त्याच्या हातात ठेवला. चौतिसाव्या वर्षी शाळा करायची लाज वाटते असं तो म्हणाला, तर ती म्हणाली की घरी बसायची लाज त्याहून मोठी असते, सासऱ्यांना विचारा. त्याने दुसऱ्या दिवशी अर्ज दिला.

वर्ग कॅन्टीनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन ते चार भरायचा. शिकवायला अरुणा मॅडम होत्या. वय सत्तावीस, इन्स्ट्रुमेंटेशनच्या इंजिनीअर, वाशीच्या एका नव्या सोसायटीतून बसने येत. साऱ्या कारखान्यात ऑफिसच्या टायपिस्ट सोडल्या तर बाईमाणूस म्हणून त्या एकट्याच, त्यामुळे त्या आल्या की शिव्या अर्ध्यावर गिळल्या जात. शिकणाऱ्यांत दोन ताजे आयटीआयवाले आणि तीन जुने हेल्पर. आयटीआयवाल्यांतला सुधीर सगळ्यात चलाख. गोटीराम वयाने सगळ्यात मोठा, म्हणून सुधीरने पहिल्याच दिवशी त्याला काका करून टाकलं.

पहिल्याच आठवड्यात गोटीरामने एक चूक केली. मॅडमनी फळ्यावर बॅटरी, दिवा आणि मधे एक बटण काढलं, आणि विचारलं की बटणाचा हा कॉन्टॅक्ट उघडा आहे, तर दिव्याचं काय होईल? गोटीराम उभा राहिला.

"लागंल," तो म्हणाला.

"का?"

"उघडा हाय ना मॅडम. उघडलं का जातंय."

शेडचा पत्रा दणाणेल असे सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं की विजेच्या भाषेत उघडं म्हणजे तुटलेलं. कॉन्टॅक्ट उघडला की प्रवाह थांबतो, मिटला की वाहतो. गोटीरामने मान डोलावली, पण त्याच्या डोक्यात ते बसेना. आयुष्यभर त्याने बघितलं होतं की दार उघडलं की पाणी जातं. आता वीज नावाची एक बया आली होती, तिला दार बंद केलं की जाता येत होतं. त्यात सुधीरने त्याला पुरतं पकडलं. रोज वर्गात शिरताना विचारायचा, "काय काका, आज उघडं का बंद? टेन्शन नका घेऊ." गोटीराम वरवर हसायचा आणि आतून जळायचा.

रविवारी तो बापाजवळ बांधावर जाऊन बसला आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. देवजीने ऐकून घेतलं. त्याच्या घरात लाइट येऊन मोजून नऊ वर्षं झाली होती, पण विचार करायला त्याला कुणाची परवानगी लागत नसे.

"वीज पोवते काय रं?" त्याने विचारलं.

"नाय."

"मंग ती चालते. पान्याला दार लागतं, चालनाऱ्याला साकव. साकव उचलला का पलीकडं कोन जाईल?"

साकव म्हणजे ओढ्यावर टाकलेला लाकडाचा पूल. गोटीरामला तो लहानपणापासून ठाऊक होता. पावसाळा संपला की सगळं गाव मिळून टाकायचं. कॉन्टॅक्ट मिटला म्हणजे साकव टाकला, उघडला म्हणजे उचलला. एवढं सोपं होतं. त्याने वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलं: विजेला साकव, पाण्याला उघाडी. मॅडमच्या नजरेला ते पडलं. उघाडी म्हणजे काय ते त्यांनी विचारून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याही वर्गात "साकव टाका", "साकव उचला" असंच म्हणायला लागल्या. गोटीरामला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

पुढचे महिने तो मान मोडून शिकला. मीटर धरायला शिकला, तारांचे सांधे झाळायला शिकला. त्याचा हात इतका सफाईदार होता की मॅडम त्याचे सांधे बाकीच्यांना दाखवत. पण माणसाला एकदा चिकटलेलं नाव धुऊन जात नाही. त्याच्यासारखाच हेल्पर असलेला, वर्गातलाच सदू तर उघड म्हणायचा, गोट्या, तुझं सगळं बरोबर येतंय, पन उघड्या-बंदात तू गोता खानार.

परीक्षेला मुंबईच्या ऑफिसातून एक साहेब आले, कडक इस्त्री आणि चकचकीत बूट. पाच टेबलं मांडली होती. प्रत्येकावर एक पाण्याची टाकी, तिच्यात पातळीबरोबर वरखाली होणारा तरंगता गोळा, आणि विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची पेटी. पेटीत दोन जातीचे व्हॉल्व्ह होते. एकावर एन.ओ. असं कोरलेलं, म्हणजे वीज नसताना उघडा राहणारा, दुसऱ्यावर एन.सी., वीज नसताना बंद राहणारा. सोबत मॅडमनी काढलेला नकाशा. कुठला व्हॉल्व्ह लावायचा ते नकाशात लिहिलं होतं, तारा ज्याने त्याने आपल्या डोक्याने जोडायच्या होत्या. कामं दोन: टाकी भरली की पाणी थांबलं पाहिजे, आणि लाइट गेली तर टाकीत थेंबही जाता कामा नये.

नकाशात लिहिलं होतं एन.ओ.

सुधीरने वीस मिनिटांत जोडणी उरकली. त्याची टाकी भरली, गोळा वर आला, व्हॉल्व्ह खट् करून मिटला. साहेबांनी खूश होऊन वहीत काहीतरी लिहिलं. गोटीराम अजून व्हॉल्व्ह हातात धरून उभा होता. त्याने तो खाली ठेवला, दुसरा उचलला, तो खाली ठेवून परत पहिला उचलला. नकाशातला व्हॉल्व्ह लाइट गेली की उघडणार होता. उघडला की पाणी जाणार. की पुन्हा आपलंच उलटं होतंय? मॅडमनी लिहिलंय, साहेबांनी वाचलंय, सुधीरने लावलंय. एवढी शिकलेली माणसं चुकतील, की दुसऱ्या खेपेचा मॅट्रिक?

शेवटी त्याने डोळे मिटून बांधावरचं दार आठवलं. उधाणाच्या भरतीला राखणदार जागेवर नसला तरी ते दार मिटतं, म्हणून तर भात पिकत होता. देवजी म्हणायचा, राखनदार झोपला तरी चालंल, दार झोपलं नाय पायजे. गोटीरामने एन.सी. उचलला, नकाशा उलटा घालून ठेवला आणि तारा जोडल्या. त्याच्या टाकीत धार पडायला लागली.

ते आधी सुधीरने पाहिलं. "काकांचं परत उघडं-बंद झालं वाटतं," तो बोलला, आणि साहेब वळले. नकाशा सोडून जोडणी केली तर मार्क नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अरुणा मॅडम टेबलाजवळ आल्या. त्यांचा चेहरा पडला होता, कारण हा माणूस पास व्हावा असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"गोटीराम, पुन्हा तीच चूक करताय," त्या हळूच म्हणाल्या. "दहा मिनिटं आहेत. बदला."

हे सगळ्यात कठीण होतं. सुधीरचं हसणं त्याने सहा महिने पचवलं होतं, पण मॅडमचा शब्द मोडायचा म्हणजे गुरूचा शब्द मोडायचा. बदललं असतं तर तो बिनबोभाट पास झाला असता. मार्च समोर दिसत होता, यशोदा समोर दिसत होती.

"मॅडम," तो म्हणाला, "मना नापास करा, पन आधी एकदा मेन काढा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि वाद घालत बसण्यापेक्षा एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून, अजून तारांतच अडकलेल्या सदूला खूण केली. सदूने भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. पंखा थांबला. गोटीरामच्या टाकीवर खट् झालं आणि नळाची धार तुटली. आणि सुधीरच्या भरलेल्या टाकीवर खट् झालं आणि धार सुरू झाली. पाणी काठावर आलं, काठावरून टेबलावर, टेबलावरून नकाशावर, आणि नकाशासकट साहेबांच्या चकचकीत बुटांवर. साहेब टुणकन मागे सरले. बाजूच्या आणखी दोन टाक्याही वाहायला लागल्या होत्या. सदूला नळ बंद करायचं सुचेपर्यंत शेडमध्ये घोटाभर भरती आली.

गोटीराम हसला नाही. तो आपल्या टाकीतली पातळी बघत होता.

मॅडमनी ओला नकाशा उचलला आणि त्यावरचं एन.ओ. पुन्हा वाचलं. मग साहेबांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"चूक माझी आहे, सर. वीज नसताना काहीच न सोडणारा व्हॉल्व्ह मला हवा होता. तसं वागणाऱ्या कॉन्टॅक्टला आपण उघडा म्हणतो, आणि मी व्हॉल्व्हलाही तेच लिहून बसले." त्या गोटीरामकडे पाहून किंचित हसल्या. "पाण्याला साकव लावला मी."

नव्या प्लांटच्या ॲसिडच्या टाकीच्या नकाशातही आपल्या हातून हेच लिहिलं गेलंय, हेही त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. निदान पहिल्यांदा लाइट जाईपर्यंत तरी नाही. साहेबांनी पाय झटकले, वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. आपली चूक कबूल करणाऱ्या बाईबद्दल गोटीरामला त्या क्षणी जो आदर वाटला, तसा त्याला मोठमोठ्या पुढाऱ्यांबद्दल कधी वाटला नव्हता.

शनिवारी यादी लागली. गोटीराम देवजी मढवी पहिला, सुधीर दुसरा, आयटीआयचाच दुसरा मुलगा तिसरा. सदू राहिला. पण नव्या प्लांटला आणखी माणसं लागणार म्हणून जूनमध्ये दुसरी तुकडी घेण्याचं मॅडमनी मंजूर करून आणलं होतं, आणि तोपर्यंत दर रविवारी सदूची शिकवणी घ्यायचं गोटीरामने कबूल केलं. सुधीरने येऊन हात पुढे केला. "गोटीरामभाऊ," म्हणाला. काका म्हणायचं तो सोडून देणार होता असं नाही, पण त्या दिवशी तरी भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोटीराम बांधावर गेला. देवजी नेहमीच्या जागी बसला होता. समोर ओहोटी होती आणि पलीकडे भरावावर नव्या इमारतींचे खांब उभे राहत होते.

"काय काम दिलंन तुला?" देवजीने विचारलं.

"टेक्निशियनचं."

"म्हंजे काय करायचं?"

गोटीराम सांगायला लागला. पॅनेल असतं, त्यात रिले असतात, गोळा वर आला की साकव उचलला जातो आणि व्हॉल्व्ह मिटतो. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याची नजर खाडीकडे वळली आहे, आणि तो थांबला.

"उघाडी राखायची, बाबा," तो म्हणाला.

देवजीने त्याच्याकडे वळून पाहिलं. मग त्याने हात पुढे केला, लेकाने धरून त्याला उठवलं.

"दाराखाली काटकी बगत जा," देवजी म्हणाला आणि घराकडे चालायला लागला. जेवायला अजून दोन तास होते.