नेल्सनचं नाव होतं ती भिंत

संग्रहालयवाल्यांना आता हिपहॉपचा, त्यातल्या भिंतींवरच्या रंगकामाचा पुळका आलाय. आम्ही ब्रॉंक्समध्ये भिंती रंगवायचो तेव्हा हेच लोक पोलीस बोलवायचे. आता म्हणे कला!

लाँड्रीमागची भिंत माझ्या भावाची, एफ्राइनची. तो गोळी लागून गेला, तेव्हा त्याच्या मित्राने, रशादने, तिथे त्याचं नाव रंगवलं. दर ऑगस्टला आम्ही तिथे जमायचो, स्पीकर लावायचो, डुक्कर भाजायचो आणि सगळ्या भिंतीला जुन्यावरच नवा रंग द्यायचो. एफ्राइनचं नाव पुन्हा रंगवायचं, शेजारी मागाहून गेलेल्यांचं. माझा मुलगा नेल्सन गेला, त्याचंही नाव रशादनेच तिथे रंगवलं. पोराला थडगं नाही, राख समुद्रात सोडली. माझ्याकडे उरली होती ती भिंतच.

लाँड्रीच्या इमारतीच्या मालकाने ती कापून संग्रहालयाला विकली. मी तिथे जाऊन कडाकडा भांडले. हॉली नावाच्या तिथल्या बाईने माझा हात हातात घेऊन सांगितलं, की भिंत जिवापाड जपू. मी मूर्ख, विश्वास ठेवला.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी आणि रशाद नटूनथटून गेलो. वाइनचे पेले घेतलेले लोक भिंतीसमोर माना डोलवत होते. एफ्राइनचं नाव झळझळत होतं, अगदी पहिल्या दिवशीसारखं. मी नेल्सनला शोधायला लागले. खाली बघितलं, कडेला बघितलं. तो नव्हताच.

हॉली हसतच आली. वरचे थर खरवडायला फार वेळ लागला म्हणाली.

"खाली अस्सल चित्र होतं. नंतरच्या लोकांनी त्यावर गिरगटून ठेवलेलं."

"त्यात माझा मुलगा होता," मी म्हणाले.

तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, खरवडण्याआधी आम्ही फोटो काढलेत. फोटो! माझं टाळकंच सरकलं. रशाद मान खाली घालून उभा होता. ज्याच्या हाताने सगळे थर चढले, त्याला कुणी साधं विचारलंही नव्हतं.

म्हातारा झाला तरी त्याच्या खिशात मार्कर असतोच. मी तो ओढून घेतला आणि शेजारच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर हात पुरेल तेवढं मोठं 'नेल्सन' लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

हॉली हळूच म्हणाली, हे पुसावं लागेल.

"पूस ना," मी म्हणाले. "माझ्यासमोर पूस. फक्त या वेळी आधी नाव वाच."