सतरा आठे

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, मास्तरांनी शोध लावला. एकतीस, तीनशे एकतीस, तीन हजार तीनशे एकतीस... शेवटी एक, आधी हवे तितके तीन, की ती मूळ संख्याच! कशानेही भाग जात नाही. अशा सात संख्या त्यांनी हाताने तपासल्या. सातवीपायी सात महिने गेले आणि चष्म्याचा नंबर वाढला. आठवी होती तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. सात लेकरं गुणी निघाली, आठवं काय वेगळे दिवे लावणार? चार-सहा लहान संख्यांनी भागून पाहिलं आणि मास्तरांनी आपली पाठ आपणच थोपटून घेतली. थोपटायला घरात दुसरं होतं कोण!

संध्याकाळी जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ते हा शोध जाहीर करणार होते. कोटाच्या बाह्या लोंबायला लागल्या होत्या, म्हणून मुलगी दुपारी आपलं शिवणाचं दुकान बंद करून आली. गणिताचा विषय निघाला की ती उठून जायची, आणि हे पुण्य मास्तरांचंच. नऊ वर्षांची असताना ती पाहुण्यांसमोर "सतरा आठे एकशे चौतीस" म्हणाली होती. तो विनोद मास्तरांनी पुढे निवृत्त होईपर्यंत घरात, वर्गात, जमेल तिथे सांगितला. लोक हसायचे. आपण फार विनोदी आहोत, असं मास्तरांना वाटायचं.

तिने मास्तरांच्या अंगावर कोट चढवला आणि खिशातले भाषणाचे, आकडेमोडीचे कागद काढून टेबलावर ठेवले. सतरा हा आकडा दिसला की तिची नजर अडायचीच. टाचण्या ओठांत धरून ती वाचत राहिली. मग टाचण्या काढून म्हणाली, "बाबा, सतरा आठे किती?"

"एकशे चौतीस!" मास्तर सवयीने म्हणाले आणि सवयीनेच हसले.

ती हसली नाही. तिने कागदावर बोट ठेवलं. सतराने भागताना मास्तरांनी एकशे त्रेचाळीसमधून खरोखरच एकशे चौतीस वजा केले होते, स्वतःच्या वळणदार अक्षरात. तिने पेन्सिलीने चौतीसचे छत्तीस केले. बाकी सात, पुढे पाच, शेवटी एकावन्न. सतरा त्रिक एकावन्न. बाकी शून्य.

मास्तर मटकन खुर्चीत बसले. शोध गेला त्याचं दुःख होतंच, पण लाज वेगळ्याच गोष्टीची वाटत होती.

"तुला सतराचा पाढा येतो?"

"त्याच आठवड्यात पाठ केला होता. तुम्ही परत विचारलंच नाहीत."

"माझं चुकलं गं," मास्तर म्हणाले. "संध्याकाळी चल माझ्याबरोबर."

"आधी कोट काढा. टाचण्या टोचतील."

मेळाव्यात मास्तरांनी ती भली मोठी संख्या फळ्यावर लिहिली आणि म्हणाले, "शोध बारगळलाय. का ते तुम्हीच सांगा. सतरा आठे?"

"एकशे चौतीस!" सगळं सभागृह एका सुरात ओरडलं. त्यात डॉक्टर होते, इंजिनियर होते, एक तर स्वतः गणिताचा प्राध्यापक होता. हशा पिकला.

"बघा, काय शिकवून ठेवलंय मी," मास्तर म्हणाले. त्यांनी शेवटच्या रांगेकडे हात केला. "आता हिला विचारतो. बाळा, सतरा आठे?"

हशा विरला. मुलगी उभी राहिली. "एकशे छत्तीस."

"बरोबर," मास्तर म्हणाले. एवढा एक शब्द म्हणायला त्यांना तीस वर्षं लागली.