राईचा कौल

उदमांजर रस्त्याच्या कडेला चिरडून पडलं होतं. पोट फुटलं होतं आणि त्यातून रायणीची पिवळी फळं बाहेर सांडली होती. काही तर अख्खीच होती.

"थांबव," भवानीअक्का म्हणाली.

व्हॅन थांबली. जुन्या महाबलीपुरम रस्त्याचं रुंदीकरण तेव्हा जोरात चालू होतं. दोन्ही बाजूंना खडीचे ढीग आणि त्यांच्यामागे सिरुसेरीच्या कंपन्यांच्या काचेच्या भिंती.

"अक्का, कौलाचा मुहूर्त टळेल," मागच्या सीटवरून बालाजीराव म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ. अंबत्तूरला त्याचा स्प्रिंगांचा कारखाना. "मेलेल्या मांजरासाठी व्हॅन थांबवायची कसाला?"

"मांजर नाही हे. आपल्या देवराईतलं आहे."

"त्याने तुला पत्ता सांगितला वाटतं?"

ड्रायव्हरशेजारी बसलेला विश्वजित हसला. हा मुलगा साताऱ्याचा. सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत झाडं लावण्याचं खातं सांभाळायचा.

"पोटातली फळं बघ," अक्का म्हणाली. "रायण या भागात आता राईशिवाय राहिलीय कुठं?"

व्हॅन पुढे निघाली, आणि अक्काच्या छातीत सकाळपासून धुमसत होतं ते आता पेटलं.

ही राई अय्यनारची, गावच्या राखणदार देवाची. गावाबाहेर, तळ्याच्या काठी. देवाला छप्पर नाही, गाभारा नाही. वेलींनी गच्च विणलेली जुनी झाडं, आणि त्यांच्या तोंडाशी ओळीने उभे मातीचे घोडे. आत लोखंड न्यायचं नाही, चप्पल घालायची नाही, पडलेली काटकीसुद्धा घरी आणायची नाही. अक्काचे वाडवडील तंजावरहून या मुलखात आले, तेव्हा त्यांनी इथे घोडा वाहिला. तेव्हापासून पहिला मान या मराठी घराचा. राईत काही करायचं झालं तर आधी कौल लावायचा. केळीच्या पानाच्या दोन सारख्या पुड्या, एकीत पांढरी तगर, दुसरीत तांबडी कण्हेर. घरातल्या वडील बाईने एक पुडी उचलायची. पांढरं निघालं तर देव हो म्हणाला, तांबडं निघालं तर नाही. न उचललेली पुडी तशीच तळ्यात सोडायची, ती उघडायची नाही.

गेल्या वर्षी बालाजीरावाने पश्चिमेकडची अर्धी राई कौल न लावताच काढली. काटेरी झुडपंच तर आहेत, त्यासाठी देवाला कशाला त्रास, असं त्याचं म्हणणं. तिथे स्वयंपाकाची शेड झाली, गाड्या लावायला जागा झाली. त्यानंतर गावात कोल्ह्याची कुई कुणी ऐकली नाही. मुंगसं रस्त्यावर मरू लागली. आता उरलेल्या अर्ध्या राईत ग्रॅनाइटचा मंडप बांधायचा होता. फरशी विश्वजितची कंपनी देणार होती आणि तुटणाऱ्या झाडांच्या बदल्यात रस्त्यापलीकडे रोपंही लावत होती.

"जंगल परत उभं करू आजी, काळजी करू नका," व्हॅनमधून उतरताना विश्वजित म्हणाला. "पलीकडे गुलमोहर लावलेत बघा, किती छान!"

अक्काने पाहिलं. रांगेत लोखंडी पिंजरे, प्रत्येकावर कंपनीच्या नावाची पाटी. पिंजऱ्यांतल्या काड्या वाळून गेल्या होत्या.

"छान. आता त्या उदमांजराच्या पिलांना जाऊन सांग, तुमचं घर बदललं म्हणून. नवा पत्ताही दे."

"तसं नाही आजी..."

"आणि मी तुझी आजी केव्हा झाले रे?"

राईच्या तोंडाशी गावातली माणसं जमली होती. थोडं अलीकडे पिवळा जेसीबी उभा होता. ड्रायव्हर त्याच्या सावलीत बसून विडी ओढत होता. बिचाऱ्याने चपला मात्र काढून ठेवल्या होत्या. पुजारी गुरुमूर्तीने घोड्यांसमोर केळीचं पान मांडलं आणि त्यावर दोन पुड्या ठेवल्या. पुड्या बालाजीरावाने घरूनच बांधून आणल्या होत्या.

अक्काने डोळे मिटले. मनात म्हणाली, अय्यनारा, तुझं घर आहे. नाही म्हण.

तिने डावीकडची पुडी उचलली. गुरुमूर्तीने दोरा सोडला. तगर. पांढरीशुभ्र.

बालाजीरावाने टाळी वाजवली. विश्वजितने मोबाइलवर कुणाला तरी कळवलंही. गावकऱ्यांनी नुसतेच हात जोडले. अक्का तशीच उभी. असा संताप तिला नवरा गेला त्या दिवशीही आला नव्हता. हो म्हणालास? तुझ्याच अंगणात जेसीबी घालायला हो म्हणालास?

गुरुमूर्ती दुसरी पुडी उचलून तळ्याकडे निघाला. अक्काने ती त्याच्या हातातून हिसकावली.

"अम्मा! ती उघडायची नसते!"

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

आत तगर होती.

मग ती पुडी तशीच उघडी धरून अक्का भावासमोर गेली.

"हे काय?"

बालाजीराव गडबडला, पण क्षणभरच. "तांबडी कण्हेर मिळाली नाही. सकाळी बाजारात नव्हती."

अक्का हसली. ते हसू बघून गुरुमूर्ती दोन पावलं मागे सरला. "मागे वळ, बालाजी."

त्याच्या पाठीमागे तळ्याच्या बांधावर तांबडी कण्हेर लगडून फुलली होती.

"अक्का, देवाचं मन का मला कळत नाही? त्याला छप्पर नको असेल का? उन्हापावसात..."

"देवाचं मन कळतं तुला! मग कौल कसाला मांडलास? मला कसाला आणलंस? माझ्या हाताने खोटं उचलायला लावलंस, देवासमोर!"

"लोकांसमोर तमाशा नको गे."

"तमाशा तू बांधून आणलास, केळीच्या पानात!"

बालाजीरावाचा चेहरा आता कठीण झाला. "झालं ते झालं. पहिला मान आपला. आपल्या घराने हो म्हटलं, विषय संपला." त्याने हात हलवला तसा जेसीबीवाला उठला आणि इंजिन घरघरू लागलं. वेलींतून पाखरांचा थवा भर्रकन उडाला.

अक्का गावच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याकडे वळली आणि तमिळमध्ये ओरडली, "तुम्ही गप्प का? डोळ्यांनी बघितलंत ना?"

त्याने मान खाली घातली. "बघितलं, अम्मा. पण मान तुमच्या घरचा. तुम्ही हो म्हटल्यावर आम्ही कोण बोलणार?"

म्हणजे सगळं या मानावर अडलं होतं. आणि हा मान अक्काचा जीव होता. पन्नाशी उलटल्यावर ती अक्षरं शिकली, तेव्हा स्वतःच्या हाताने पहिल्यांदा माहेरचं आडनाव लिहिलं ते या घराण्याच्या घोड्यावरच, चुन्याने. दर वर्षी ती त्याला चुना लावायची, डोळे काजळाने काळे करायची.

तिने राईच्या तोंडाशी पडलेला दगड उचलला. घोड्यांच्या ओळीत पहिला घोडा त्यांचा. तिने दगड दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि घोड्याच्या मानेवर हाणला. मान तुटली. दुसरा घाव पाठीवर. पोकळ माती धाडदिशी बसली आणि आतून एक पाल सरसरत बाहेर पळाली.

"वेडी झालीस का!" बालाजीराव किंचाळला.

"घोडा गेला, मान गेला." अक्का धापा टाकत होती. तळहात रक्ताळले होते. "ऐका सगळे. आमच्या घराचा इथे आजपासून काही हक्क नाही. याचा नाही, माझाही नाही. आता बोला."

पुढारी त्या खापरांकडे बघत राहिला. मग त्याने गुरुमूर्तीकडे बघितलं. गुरुमूर्तीने मान डोलावली. घोडा नाही तर मान नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

"नवा कौल लावू का?" कुणीतरी विचारलं. "कण्हेर आहे बांधावर."

"कसला कौल?" म्हातारा पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "आत लोखंड नाही न्यायचं. हे माझ्या आज्याच्या वेळीच ठरलंय." आणि तो सरळ जेसीबीसमोर जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे बाया, त्यांच्यामागे बाकीचे.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. "सामी, मला पाप नको," तो बालाजीरावाला म्हणाला आणि चपला शोधू लागला.

बालाजीराव व्हॅनमध्ये जाऊन बसला. जाताना बहिणीकडे बघितलंसुद्धा नाही. व्हॅन निघून गेली, आणि विश्वजित राहिला मागे, कंपनीचा हिरवा कापडी फलक काखेत धरून. तो हळूच म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं हे. आम्ही ती पश्चिमेकडची जागा घेऊ का? तिथे चांगली रोपं..."

"तुझं एकही रोप तिथे नको. शेड काढू दे गावाला. तू माझ्याबरोबर चल."

ती त्याला उन्हातून रस्त्यापर्यंत चालवत घेऊन गेली. उदमांजरावर आता माश्या बसल्या होत्या.

"उचल."

"मी?"

"मग काय ते स्वतः चालत येईल? तो फलक पसर. सांडलेली फळंही घे, एकूण एक."

त्याने तोंड फिरवून ते फलकात गुंडाळलं. दोघं परत आली. पश्चिमेकडच्या उघड्या जमिनीवर, शेडच्या मागे, अक्काने जागा दाखवली. कुणीतरी कुदळ आणायला निघालं तर ती खेकसली, "लोखंड नको!"

विश्वजित गुडघे टेकून हाताने उकरू लागला. माती टणक होती. त्याची नखं भरली, शर्ट भिजला. अक्का वर उभी होती. तिचा राग अजून जराही निवला नव्हता.

"बस. खोल नको नेऊ," ती म्हणाली. "बी आहे त्याच्या पोटात. आता फलक काढ बाजूला. माती लोट. पायाने नाही रे, हाताने."