कासवं कुठवर पोचली

"सगळी पोरं मैदानावर काढा! साहेब आले की वर्ग कसे शांत दिसले पाहिजेत," हेडसर म्हणाले.

"अहो सर, ते नेटचा वेग मोजायला येतायत," संगणकाच्या बाई म्हणाल्या. "मुलं बसलेली असतानाच मोजायला हवा ना?"

"पाहुण्यांसमोर गोंधळ नको. शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

शिस्त होती. त्यामुळे मुलं उन्हात रांगेत उभी राहिली आणि नेटच्या मोठ्या लाइनसाठी बाईंनी वर्षानुवर्षं लावलेल्या तगाद्याचा निकाल रिकाम्या खोलीत लागला. साहेबांनी एक संगणक चालू करून चाचणी लावली. काटा सुसाट गेला.

"पळतंय की हो! आमच्या ऑफिसात नाही असं."

"एकटं आहे म्हणून पळतंय, साहेब. मुलांना आत येऊ द्या, मग मोजा."

"मुलं आली की काय, सगळंच मंदावतं," साहेब हसले. हेडसर त्याहून मोठ्याने हसले. चहा झाला. मोठ्या लाइनची गरज उरली नाही.

मग मुलं आत आली. बाईंनी कासवांची फिल्म लावायला सांगितली. शेजारचे वर्ग, ऑफिस आणि हेडसरांचा फोन त्याच लाइनवर होते. पिल्लं वाळूतून निघाली, समुद्राकडे वळली आणि नेहमीच्या जागी थिजली. पडद्यावर लोडिंगचं चक्र फिरू लागलं.

"बाई, पुढं?"

पुढचं बाई दरवर्षी तोंडी सांगत. "पोचतात सगळी. आई वाट बघत असते."

"तुम्ही बघितलंय?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"आगाऊपणा पुरे."

पण प्रश्न डोक्यातून जाईना. शाळा सुटल्यावर शाळेत थांबावं, हे शिक्षकाला सहसा सुचत नाही. त्या दिवशी बाई थांबल्या.

"कुलूप लावायचंय, बाई," शिपाईमामा दारात किल्ल्या वाजवत म्हणाले.

"या मामा, बसा जरा."

बाईंनी लावलेली फिल्म रिकाम्या लाइनवर एकदाही अडखळली नाही. पक्षी आले, खेकडे आले. समुद्रात थोडीच पिल्लं शिरली. आई कुठेच नव्हती.

"एवढीच?" मामांनी विचारलं.

"एवढीच दिसतायत."

दुसऱ्या दिवशी पिल्लं पुन्हा थिजली.

"बाई, पुढं?"

"काल मी चुकीचं सांगितलं," बाई म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर थांबा, दाखवते."

"हो, बाई!" सगळा वर्ग ओरडला.

शाळा सुटली. कुणाची बस आली, कुणाची शिकवणी होती, कुणाला फाटकातून आईनं हाक मारली. बाई एकच संगणक चालू करून दाराकडे बघत बसल्या.

थोडी मुलं पोचली. मामांनी त्यांच्यासाठी बाक पुढे ओढलं.