झाकणभर तेल

दुकानात बसून जगाच्या चष्म्याचे नंबर काढणाऱ्या या गृहस्थाला घरी सगळे ‘इंजिनिअर’ म्हणत. त्यात कौतुक कमी आणि चिमटा जास्त, हे त्यालाही ठाऊक होतं. निमित्त होतं शेडमधली जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. तिच्या पेट्रोलमध्ये तेल हातानं मिसळावं लागे. मागच्या खेपेला तो नेमका तेच विसरला, पिस्टन जाम झाला आणि इंजिनिअरसाहेब कित्येक दिवस तोंड पाडून बसले.

या वेळी बायकोनं अट घातली. “जंगलातल्या वाटेनं वरच्या चौकीपर्यंत जा आणि चालू गाडीवर परत या. ढकलत आणलीत तर ती भंगारात.”

साक्षीदार म्हणून तिचा धाकटा भाऊ आपली नवीकोरी मोटरसायकल घेऊन हजर झाला.

“तुझ्या ताईच्या डोळ्यांत खुपते ही गाडी,” इंजिनिअर त्याला म्हणाला. मग त्यानं टाकीत मोजून दोन झाकणं तेल ओतलं, तेही मेहुण्याला दाखवून. आता विसरायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं किक मारली.

खडबडीत वाटेवर उभं राहून चालवायचं असतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. तो उभा राहिला. गुडघे कटकन वाजले, तो बसला, आणि तेवढ्यात एका मुळावरून गाडी उडाल्यानं आपोआप पुन्हा उभा राहिला. ओढ्यातून त्यानं गाडी जोरात घातली, तेव्हा वाटेतला सगळा चिखल त्याच्या अंगावर आला. तरी स्वारी खूश होती. एवढ्या वेळात आपण एकदाच पडलो, तेही गाडी थांबल्यावर, याचा त्याला अभिमान वाटत होता.

मागून मेहुणा खोकत होता. “भावोजी, एवढा धूर?”

“टू-स्ट्रोक आहे. ती श्वास घेते, तो दिसतो,” इंजिनिअर म्हणाला. हे वाक्य त्यानं तिथल्या तिथं बनवलं होतं.

चढावर गाडीचा श्वास संपला. प्लग काढला तर तेलानं काळा, ओलाचिंब. खिशातल्या चष्म्याच्या फडक्यानं त्यानं तो लखलखीत पुसला. गाडी चौकीपर्यंत गेली, परत वळली आणि बंद पडली. पुन्हा पुसला, पुन्हा बंद. शेवटी फडक्याला पुसायला दुसरं फडकं हवं झालं. उरलेली वाट त्यानं ढकलतच काढली. घामाघूम होऊन तो मनात बायकोशी भांडत होता आणि तिथंही हरत होता.

फाटकाशी ती उभीच होती.

“काय झालं?”

“तेल जास्त झालंय. कसं कोण जाणे, मी तर मोजून दोन झाकणं टाकली.”

तिचा चेहरा पडला. “दोन मी टाकली होती.”

“तू?”

“सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. मागच्यासारखं विसरलात तर पुन्हा ते तोंड बघावं लागलं असतं. मला नाही बघवत.”

भांडणाची एवढी तयारी त्यानं करून आणली होती, ती सगळी वाया गेली. तो चिखलानं माखलेला हेडलाइट पुसू लागला.

“मग ताई, भंगारवाल्याला सांगायचं ना?” मेहुण्यानं विचारलं. “ढकलतच आणलीय.”

तिनं चष्मा काढला आणि सावकाश पुसायला घेतला. तिचा नंबर इंजिनिअरनंच काढला होता. चष्म्याशिवाय तिला दारातली म्हैससुद्धा दिसली नसती.

“ढकलत?” ती म्हणाली. “मला नाही बाबा दिसली. चष्मा कुठं होता डोळ्यांवर?”

आणि मागून गाडीला हात लावून ती शेडच्या दिशेनं ढकलू लागली.