संकल्पातलं नाव

"कारभारीनाना, खरेदीखतात तुमचं नाव कुठंय?" सातपूरच्या गाळ्यात बसून कामगारांचे रिटर्न भरणाऱ्या प्रफुल्लने कागद पुन्हा उलटून पाहिले. "कर्जावर सही तुमची. फ्लॅट मात्र अमोल आणि सूनबाईंचा. दोघांचाच."

"आसं कसं? अर्धा हप्ता मी भरतो ना!"

"शेजाऱ्याचा हप्ता भरला म्हणून त्याचं घर आपलं होतं का? मालक नाही त्याला व्याजाची सूट नाही. तुम्ही चार वर्षं घेतलीत. आता खात्याची नोटीस आलीय. वाचवलेला टॅक्स व्याजासकट परत भरा."

"अमोलच म्हनला व्हता, पप्पा, सूट लावून घ्या."

"आणि मी विचारलं होतं, घरावर तुमचं नाव आहे ना? 'हाय' म्हणालात."

म्हणाला होता. खोटं बोलला नव्हता. वास्तुशांतीला पाटावर कोण बसलं होतं? कारभारी आणि त्याची लंकाबाई. गुरुजींनी संकल्पात साऱ्या भाऊबंदांसमोर, गोत्रासकट, त्याचंच नाव घेतलं होतं. यजमान म्हणून हातावर पाणी सोडून घेतलेला कुठला बाप रजिस्टर ऑफिसात जाऊन खात्री करतो? कंपनीत मायक्रोमीटर लावल्याशिवाय मशीनवरचा एक जॉब पुढे न सोडणारा हा माणूस. पोटच्या पोरालाही माप लावायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मोटारसायकल काढून तो तडक पाथर्डी फाट्यावर, मुलाच्या फ्लॅटवर गेला.

"नाव कशाला पाहिजे, पप्पा? सगळं तुमचंच तर आहे," लॅपटॉप अर्धा मिटत अमोल म्हणाला. "बसा ना."

"माझंच हाय? मंग लाव नाव."

अमोलने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. त्याची बायको सायली बाहेर आली नाही.

"तसं नसतं हो ते. उद्या तुमच्या माघारी तृप्तीताई हिस्सा मागायला आली तर? वकील म्हणाला, वडिलांना फक्त कर्जाला घ्या."

"म्हंजी मी मेल्यावरचं समदं आधीच ठरलं. आन तेबी माझीच पगाराची स्लिप लावून!"

"हळू बोला, सोसायटी आहे ही. टॅक्सचे पैसे देतो ना मी. मग तर झालं?"

सख्ख्या बहिणीला चोर ठरवून हा भामटा आता बापाचं तोंड बंद करायला निघाला होता.

"नगं. टॅक्स मीच भरीन. आन हप्ताबी. शब्द बँकेला दिलाय मी, तुला नाय."

सायली ट्रेमधून पाणी घेऊन आली. एरवी तो सरळ आत जाऊन माठातलं पाणी घ्यायचा, सोफ्यावर मांडी घालून बसायचा, चहात साखर कमी म्हणून तिला चिडवायचा. आज त्याने चपलाही काढल्या नव्हत्या. पायपुसण्यावर उभ्याउभ्याच तो पाणी प्यायला. ग्लास जपून ट्रेमध्ये ठेवला आणि कंपनीत साहेबांच्या केबिनमध्ये बोलतात तशा आवाजात सुनेला म्हणाला, "थँक्यू, मॅडम."